नानांच्या जीपचे ब्रेक आणि माझा हेवा

धुळ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या सकाळी मुरलीधर नानांचे मला आधी पायच दिसले. आवारातल्या जुन्या जीपखालून ते बाहेर आले होते. मागोमाग नाना आले, हात पुसत. "या मॅडम. मी भूगोल शिकवतो. ही बया सोडेल तेव्हा."

निवृत्तीनंतर याच जीपमधून नाना नकाशे आणि भिंगं घेऊन पिंपळनेरपलीकडच्या आश्रमशाळांत जातात. एकदा एका मुलीच्या हातून भिंग पडून दुभंगलं. ती रडू लागली. नानांनी तुकड्याच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "अर्ध्या भिंगातूनही मुंगी पूर्णच दिसते. बघ." असे प्रसंग नानांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतरही लिहितील. मी लिहिणार आहे ते माझ्या हेव्याबद्दल.

माझे सासरे गेले आणि माझा नवरा विजय बोलायचा थांबला. "जेवणार?" "हं." एवढाच आमचा संवाद. मी रोज विचारत होते, काय होतंय, सांग ना. तो उठून अंगणात जाई. मात्र दर रविवारी नाना त्याला जीपच्या ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला बोलवत. दुपारी मी डबा घेऊन जाई, तर दोघांचं अहिराणीत हसणं फाटकापर्यंत ऐकू येई. मी दिसले की नाना अदबीनं म्हणत, "बसा मॅडम." विजय गप्प होई. मी घरी येऊन भांडी आपटत असे.

एका रविवारी विजय बहिणीकडे सावद्याला गेला होता. नानांनी मागच्या चाकाच्या ब्रेकची रबरं बदलली होती आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमचा पाय लागेल."

काम सोपं होतं. नानांनी 'दाब' म्हटलं की मी पेडल दाबून धरायचं आणि 'दाबं', म्हणजे दाबलं, असं सांगायचं; मग त्यांनी चाकाजवळचा निपल, म्हणजे तेल सोडायची छोटी तोटी, सैल करायचा. नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. त्यांनी निपल बंद करेपर्यंत पाय उचलायचा नाही. माझं लक्ष भलतीकडेच होतं. मी पाय उचलला.

"पाय उचलू नको वं!" जीपखालून नाना ओरडले. "बठ्ठी हवा परत गयी ना!"

सगळी हवा परत गेली होती. पण 'मॅडम' सोडून, अहिराणीत, मला ते कधी असे ओरडले नव्हते. मला बरं वाटलं. त्याच भरात विचारलं, "नाना, आज रबरं बदलली म्हणून हवा शिरली. पण दर रविवारी कुठून शिरते?"

खाली पान्याचा आवाज थांबला.

"मीच सोडस," नाना म्हणाले. "विजय येवाना पहिले निपल ढिला करस नि पेडल दाबीसन सोडस. पोऱ्या बोलेच ना. त्याले इचारीसन काय व्हणार व्हतं? आठे जीपखाले मी 'दाब' म्हनं, का त्याले 'दाबं' म्हननंच पडस. एक शब्द निंघना का दुसरा निंघस."

मग त्यांनी पाना पुन्हा लावला. "दाब आते."

"दाबं," मी म्हणाले. या वेळी पाय उचलला नाही.

रात्री विजय परतला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, "मला ठाऊक आहे. दर वेळी मी जायच्या आधीच तो निपल तेलानं ओला असायचा."

"मग तू बोलला का नाहीस त्यांना?"

"बोललो असतो, तर रविवारी कुठे गेलो असतो?" आणि त्या रात्री प्रथमच तो त्याच्या वडिलांविषयी बोलला, माझ्याशी, बराच वेळ.

तरीही हेवा गेलेला नाही. वर्षभर मी प्रश्न विचारून जे उघडू शकले नाही, ते नानांनी एकही प्रश्न न विचारता उघडलं. शिवाय त्या दोघांनी ते एकमेकांपासून किती प्रेमानं लपवलं! त्या लपवण्यात मला जागा नव्हती.

नानांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. त्यांचे डोळे आणि गुडघे असेच साथ देवोत. शंभरीतही त्यांना जीपखाली आडवं होता यावं, आणि उठताना कुणाच्या हाताची गरज पडू नये. पडलीच, तर विजयच्या आधी माझा हात पुढे असेल. त्याबाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.