उंबरा तोडला तेव्हा

माझ्या नातवंडांनो, तुमची आजी काष्टी गाव सोडून निघाली तेव्हा बैलगाडीत एक ट्रंक होती, एक चाकाची खुर्ची होती, फुटल्या ओठांचे तुमचे आजोबा होते आणि माझ्या लुगड्यावर थोरल्या भावजींचं रक्त होतं. मी मात्र लग्नाच्या वरातीत बसावं तशी ताठ बसले होते. वय एकोणीस, अक्कल शेळीएवढी.

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगानं यांचे दोन्ही पाय मांडीपासून नेले. अशा जवानांना घरात सोयी करून घ्यायला सरकारनं मदत मंजूर केली. उंबरा काढायचा, दार रुंद करायचं, पुढं सिमेंटचा उतार करायचा. काम झालं की साहेब बघून जाणार.

आमचा उंबरा सागवानी, वीतभर उंच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला रोज हळदकुंकू वाहायच्या. यांना त्यावरून उचलून न्यायचे ते थोरले भावजी, आणि भावजी रुसले की हे आतच. एकदा बसल्या जागीच धोतर खराब झालं, तेव्हा फौजेतला हा गडी भिंतीकडं तोंड करून रडला.

"उंबरा काढला तर लक्ष्मी जाईल," भावजी गरजले.

"लक्ष्मी जाईल तवा जाईल दादा, आधी मला भाईर जाऊ दे," हे म्हणाले.

गवंड्यानं उंबरा तोडून उतार केला. सिमेंट ओलं होतं तोवरच, दुसऱ्या सकाळी भावजी पहार घेऊन आले आणि उतारावर दणादण घाव घालू लागले. हे खुर्ची रेटत दारात गेले. भावजींनी खुर्चीला लाथ घातली. हे तोंडावर पडले, तरी सरपटत जाऊन त्यांनी भावजींच्या पोटरीत दात रोवले. भावजींनी यांच्या डोक्यावर पहार उगारली.

मी मुसळ उचललं. पहिला घाव नेम धरून घातला तो थेट पाण्याच्या रांजणावर! दुसरा भावजींच्या खांद्यावर. ऊस मोडावा तसा आवाज झाला. भावजी कोसळले, कपाळ दगडावर फुटलं. मी धावले, तर माझ्या पदराला रक्त आणि आत्याबाईंचा टाहो कशाचा? "अगं भवाने, दुस्काळात रांजन फोडलास!"

त्याच दिवशी निघालो. नगरला भिंगारच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, सरकारची मदत तिथं लागली. साहेब आले तेव्हा हे एकटेच खुर्चीनं आतबाहेर करून दाखवत राहिले, साहेब पुरे म्हणाले तरी.

पुढं आत्याबाईंची कंबर मोडली. काष्टीच्या घराला भावजींनी पुन्हा उंबरा बसवला होता, पण वाकड्या जुळलेल्या खांद्यानं आईला त्यावरून उचलवेना. टेम्पोत घालून आमच्याकडं घेऊन आले. भावजी माझ्याकडं बघेनात. यांनी खाली उतरून आपली खुर्ची पुढं केली. मी आत्याबाईंना ढकलत नेलं. त्या खाली हात लांबवून चाचपत होत्या.

"उंबरा कुठं हाय गं? पाया पडू दे."

"आत आलात की आत्याबाई."

"कवा? कळलंच न्हाई!"

भावजी बाहेर उतारावरच उभे होते. हे म्हणाले, "दादा, ये की आत." आले.

तुम्ही विचारता, आजी, तुझं घर कोणतं? जिथं आत आल्याचं कळलं नाही, ते. मुसळ दारामागंच उभं आहे, पण रांजण मी लांब ठेवते.