शिंगराला कंठ फुटला

गाढवाच्या ओरडण्याला लोक हसतात. मीही हसायचे. पण आमच्या खाचरात एक शिंगरू ओरडायला कसं शिकलं ते मी पाहिलं, आणि शिकल्यावर त्याचं काय केलं तेही पाहिलं. आता गाढवाला कुणी हसलं की मला राग येतो, हसणाऱ्याचाच.

कोळवण खोऱ्यात आमचं घर टेकडीच्या पायथ्याला आहे. वरची जागा पुण्याच्या कुणीतरी घेतली आणि बंगला बांधायला काढला. वर जायला धड रस्ता नव्हता, डंपर खालीच विटा ओतून जायचा. त्या वर न्यायला मुकादमाने गाढवं आणली. भात निघाल्यामुळे आमचं खाचर रिकामंच होतं. आमचे हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्यांना तितं. लिदीचं खत तरी हुईल." झालं, गाढववाला, त्याची बायको आणि त्यांची गाढवं आमच्या दारासमोर पाल ठोकून राहिली.

दिवाळीनंतर त्यातल्या एका करड्या गाढवीला शिंगरू झालं. पाय काड्यांसारखे, कान मात्र थोराचे. बाळंतपण सरतं न सरतं तोच गाढवीच्या पाठीवर पुन्हा गोणी चढली. शिंगरू पायांत घोटाळतं म्हणून त्याला बांधावरच्या आंब्याला बांधून ठेवायचे. आई सकाळी वर जायची, दुपारी त्याला पाजायला खाली यायची आणि परत वर.

आधी ते गप्पच असायचं. मग त्याने आईला हाक मारायचा उद्योग सुरू केला. मान लांब करायचं, तोंड उघडायचं, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या आणि निघायचं काय, तर कोरड्या हापशासारखी एक बारीक चीं. गाढव श्वास आत घेतानाही ओरडतं आणि बाहेर सोडतानाही. याला आतला तेवढा जमत होता. बाहेरचा आवाज म्हणजे नुसती हवा. संक्रांतीच्या सुमाराला बाहेरच्या श्वासालाही खोकल्यासारखं काहीतरी फुटलं, पण दोन्हींचा मेळ बसेना. चीं झाल्यावर खोकला यायचाच नाही, किंवा दोन्ही एकदम यायचे आणि त्याला उचकी लागायची. मग ते स्वतःच दचकायचं आणि हे कोण ओरडलं म्हणून मागे बघायचं. मी भांडी घासताना बघत बसायचे. हे ओट्यावरून त्याची नक्कल करायचे, आणि खरं सांगायचं तर नक्कल जास्त चांगली व्हायची.

टेकडीवर त्याच्या आईला यातलं काहीच ऐकू जात नव्हतं, म्हणून काम सुरळीत चाललं होतं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी तो मेळ बसला. चीं आणि तिच्या पाठोपाठ भरडा हुंकार, पुन्हा चीं, पुन्हा हुंकार, मध्ये कुठे खंड नाही. मी घासत होते ते पातेलं खाली ठेवलं. वर पायवाटेवर करडी गाढवी जागच्या जागी थांबली. आधी तिचे कान वळले, मग मान, आणि मग विटांच्या गोणीसकट ती सबंध वळली. मागून येणारी गाढवं तिच्यावर आदळली. निम्म्या विटा उतारावरून गडगडत आमच्या बांधापर्यंत आल्या. त्यांच्यामागून ती आली आणि शिंगरासमोर उभी राहिली.

मग हे रोजचंच झालं. ते ओरडलं की ही वळणार. गाढववाल्याने पाण्याच्या पाईपाचा तुकडा घेऊन तिला झोडपली. तिने मार खाल्ला, आणि हाक आल्यावर पुन्हा वळली. शेवटी मुकादम खाली येऊन गाढववाल्यावर खेकसला, "आईला मारून काय व्हतंय? ते खालचं बेणं बंद कर. न्हायतर तुजी गाढवं उचल आन चालता हो."

मी म्हटलं, जाऊ द्या की त्यालाही आईबरोबर वर. गाढववाला म्हणाला, "वाटंत प्यायला लागलं म्हंजी ती हलनार न्हाई, वैनी. नाक चिरतो त्याचं. आवाज नाकात असतुया. लई वरसांची रीत हाय आमची."

तेव्हा मी बाकीच्या गाढवांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळ्यांच्या नाकपुड्या वरपर्यंत चिरलेल्या, त्या करडीच्यासुद्धा. आणि हीच सगळी गाढवं रोज पहाटे अख्खी वाडी जागी करत होती! मी त्याला ते बोलूनही दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यांची उशिरा चिरल्याली. ल्हानपनी चिरलं म्हंजी आवाज बसतोय." गाढवापुढे वाचली गीता, आणि इथे तर गाढवं बिचारी ऐकून तरी घेत होती.

मी आवाज चढवला तशी त्याची बायको चुलीपुढून उठली. "वैनी, तुमच्या बैलाला येसन हाय, ती काय हौसंची नथ हाय व्हय?" माझी नजर आमच्या गोठ्याकडे गेली. त्याने मी जास्तच भडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरलं. आमच्या ह्यांनी पाय धरले, बायकोने कान पिरगाळून मान आवळली आणि त्याने दाढीचं पातं चालवलं. शिंगरू ओरडलं. इतका मोठा, इतका अखंड आवाज त्याने त्याआधी कधी काढला नव्हता. जखमेवर हळद आणि गाडीचं काळं ऑईल फासून तिघं हात धुवायला माझ्याच पाण्याच्या पिंपावर आली. दुपारी गाढवी पाजायला आली, तिने त्याचं तोंड हुंगलं, कान मागे पाडले आणि त्याला लाथ घातली. संध्याकाळी कास तटतटली तेव्हा कुठे तिने त्याला जवळ येऊ दिलं.

जखम ओली होती तोवर ते गप्प राहिलं आणि विटा भराभर वर गेल्या. पाडव्यानंतर खपली पडली आणि त्याने पुन्हा मान लांब केली. आवाज गेला नव्हता. उलट दुप्पट झाला होता. फक्त आतल्या श्वासाला आता फाटक्या पिपाणीसारखी शिट्टी लागली होती आणि हुंकार घोगरा झाला होता. दुसरंच कुठलं तरी गाढव ओरडतंय असं वाटावं.

मुकादम तेव्हा आमच्या ओट्यावर चहा पीत होता. मी टेकडीकडे पाहिलं. करडी गाढवी पायवाटेवर होती, रांगेत चौथी. शिंगरू ओरडत होतं, आवाज पार टेकडीवर आपटून परत येत होता. तिचा कान हलला नाही. खाली आंब्याला बांधलेलं कुणाचं तरी पोर ओरडत होतं, त्याच्याशी तिचा काय संबंध?

"बगा वैनी, गेला का न्हाई आवाज?" मुकादम मला म्हणाला. शिंगराच्या ओरडण्यात मला ऐकू येईना, म्हणून त्याला तेच दोनदा ओरडून सांगावं लागलं.

शिंगरू थांबलं. नेहमीसारखे कान उभे करून त्याने टेकडीकडे पाहिलं. विटा गडगडायची ते वाट बघत होतं. एकही वीट पडली नाही. गाढवांची रांग वळणाआड गेली आणि त्याने पुन्हा श्वास आत घेतला.