बैलासारखी धुतलेली गाडी

कडेगावच्या नानासोंनी जन्मभर बैलं धुतली होती, त्यामुळे गाडी धुणं त्यांना कुणाकडून शिकायचं नव्हतं. गॅरेजवाला मल्हार सांगून थकला, "कुलपावर पाण्याची धार मारू नगासा. बादली आन् फडकं घ्या, मग दारं उघडी ठिवून वाळू द्या."

नानासो म्हणाले, "तुझा बा शेंबडा हुता तवापासनं धुतोय मी."

बैल धुताना मात्र ते त्याचे कान हाताने झाकायचे, कारण कानात पाणी गेलं की बैल मान झटकायचा. गाडी बिचारी झटकत नाही. म्हणून खंडेनवमीला त्यांनी विहिरीच्या मोटारीचा पाइप लावला आणि दारांच्या फटीत, किल्लीच्या भोकात, जिथं जिथं धूळ बसायचं धाडस करते तिथं मनसोक्त धार सोडली. ओल्या गाडीलाच हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि रंगुबाईंना शेजारी बसवून ते लेकीच्या सासरी, माधवनगरला निघाले.

व्याह्यांच्या दारात गाडी थांबली, पण तिची दारं काही उघडेनात. लॉक आतल्या आत नुसतं टकटक करत राहिलं. सगळं सासर बघत असताना जन्मभराचा अनुभव खिडकीतून बाहेर आला, आधी पटका, मग पोट, मग पाय.

व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. गाडीतच अडकलेल्या रंगुबाई काच खाली करून शांतपणे म्हणाल्या, "आवं पावणं, ह्यांच्या हातात पाणी देऊ नगासा."