पुसलेली फुली

माझी रेघ चुकत नाही, असा मला माज होता. नाशिकच्या सरकारी कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो. साहेबांनी माझ्या नकाशाला पट्टी लावून बघावी आणि काही न बोलता खाली ठेवावी, असं चालायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा तो माज उतरला, पण उशिरा.

धाकट्या बहिणीचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. मग डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हातातून कप निसटायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोग मेंदूत गेलाय, गाठी एकीपेक्षा जास्त आहेत, कवटी उघडून उपयोग नाही. कोबाल्टच्या मशीनखाली किरणांचे दहा शेक द्यायचे. सुरी नाही, टाका नाही, हे ऐकून आम्ही वेड्यासारखे हरखलो. मेहुणे मनमाडला रेल्वेत होते, त्यांच्या रजा आधीच्या आजारपणात संपलेल्या. म्हणून तिची ने-आण माझ्याकडे आली.

मशीनवाल्याने तिचे केस कापायला लावले आणि दोन्ही कानांच्या वर जांभळ्या शाईने रेघा ओढून एकेक फुली काढली. शेक त्या फुलीवर बेतून द्यायचे होते. तेल, साबण, पाणी, काही लावायचं नाही, असं त्याने मला बजावलं.

पाच शेक झाले आणि दिवाळीची सुट्टी आली. तिला माहेरी आणलं. आईला मी म्हणालो, हिच्या डोक्यावर पाणी घालू नकोस. तेलाचं सांगायचं राहिलं. लांबलचक सांगत बसायचा मला कंटाळा.

नरकचतुर्दशीला मी आंघोळ उरकून आलो तर बहीण पाटावर बसलेली, डोकं तेलाने चकचकीत, आणि आईच्या हातातल्या पंचावर जांभळे डाग. डावीकडची फुली शाबूत होती. उजवीकडे काहीच उरलं नव्हतं.

"नुसतं तेल लावलं रे," आई म्हणाली. "पाण्याचा थेंब नाय घातला. तूच सांगितलं होतं ना?"

माझा चेहरा बघून तिला कळलं. ती रडायला लागली. कुणाला सांगू नकोस म्हणाली, आईनेच लेकीचं औषध पुसलं म्हणतील लोक. मी कशाला सांगतोय? माझंच बिंग फुटलं असतं.

मी कचेरीतली कॉपिंग पेन्सिल काढली. जिभेवर टोक ओलं केलं की जांभळं उमटायचं. डाव्या कानापासून फुलीचं माप घेतलं आणि ते उजवीकडे उतरवलं. माणसाचं डोकं दोन्हीकडून तंतोतंत सारखं नसतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"दादा, जरा मागे होती," बहीण म्हणाली. "शाई लावली तेव्हा तिथे गार लागलं होतं."

"आरशाशिवाय तुला काय दिसतंय? हलू नकोस."

ती हलली नाही.

मुंबईला मशीनवाला उजव्या बाजूला वाकून जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने तिला विचारलं, "खुणा पुसल्या नव्हत्या ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराशीच होतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता.

"नाही," ती म्हणाली.

उरलेले पाच शेक माझ्या फुलीवर झाले. संक्रांतीला तिने आपल्या हाताने तिळगूळ वाटला, तेव्हा मी सुटलो असं वाटलं. उन्हाळ्यात तिची वाचा गेली, आणि पावसाळ्याआधी ती गेली. कुठल्या बाजूच्या गाठीने नेली, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात एका ओळखीच्या डॉक्टरांजवळ मी हे ओकलो. ते हसून म्हणाले, अहो, तेव्हाचा शेक सगळ्या डोक्यावर पडायचा, बोटभर सरकलं तरी काय बिघडतंय? आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे सांगत बसले की आता परदेशात नुसत्या गाठीवर किरण सोडतात, कवटीला चौकट घट्ट बसवून, केसाएवढंही चुकू देत नाहीत. मी त्यातलं फक्त ते ‘केसाएवढं’ घेऊन घरी आलो. अजूनही दाढी करताना उजव्या कानाशी वस्तरा आला की जिभेवर त्या पेन्सिलीची चव येते.

आईने त्या दिवाळीनंतर स्वतःच्या डोक्याला तेल लावलं नाही. दर नरकचतुर्दशीला वाटी पुढे आली की ती बाजूला सारायची. "माझा हात वाईट रे," म्हणायची.

मशीनवाल्याने तेलाचंही सांगितलं होतं, मीच विसरलो. आईला सांगायला एवढं एकच वाक्य होतं. ती असेपर्यंत ते न सांगता मी दर दिवाळीला तिच्यासमोर बसून चकली खाल्ली.