सकिनाभाभींचा वाटा

शेंदूरजनाघाटला आमच्या आणि सकिनाभाभींच्या सामाईक अंगणामागची संत्र्याची झाडं लागोपाठच्या दुष्काळात वाळली. त्या उन्हाळ्यात ती तोडून दोन्ही घरांनी सरपण केलं. परवा अकोल्यात, जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी भट्टीत संत्र्याची वाळकी फांदी घातली आणि त्या धुरानं ती दुपार आठवली.

मी रजेवर घरी होतो. दोन्ही घरांचा रिवाज ठरलेला होता: एकीनं वाटे घालायचे, दुसरीनं आधी उचलायचा. आईनं दोन ढीग केले. फांद्या वेड्यावाकड्या असल्यानं एक लहान झाला. भाभींनी त्याच्यावरच हात ठेवला.

"लहान काहून घेता, भाभी? पावसाळाभर चूल कशी पेटन?"

"माणसं किती घरात, वैनी. लय झालं एवढं."

"माणसं किती? कालच तुमच्या पोट्ट्यायनं माह्या चिवड्याचा डबा सफाचट केला."

भाभी हसल्या. "आता उरन तुमचा चिवडा," म्हणाल्या. मग त्यांनी झाडू घेतला. त्या दिवशी अंगण झाडायची पाळी आमची होती. त्यांनी ते कोपऱ्यापर्यंत झाडलं, आमच्या दारासमोरचंही. आईनं दोनदा झाडू मागितला, त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. कुटुंब कामासाठी सुरतेला गेल्याचं नंतर कळलं.

भाभींचा ढीग अंगणातच राहिला होता; आई त्याच्या भोवतीनं झाडत असे. पावसाळ्यात आमचं सरपण संपलं, तेव्हा तिनं अचलपूरच्या मामाकडून लाकडं मागवली. पुढे आम्ही घर विकलं. त्या दिवशीही लहान ढीग भिंतीला लागून होता.