निघत्या माणसाला विचारलेला प्रश्न

परवा प्राचीला मोटारसायकलवर मागे बसवून तिच्या घरी सोडायला गेलो. अंगात ताप घेऊन ती दिवसभर बाकावर बसून होती... घरी जाऊ का, एवढंही तिने विचारलं नव्हतं.

प्राची माझ्या सातवीच्या वर्गातली. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यावर जी वस्ती वर उठून आली, तिथे आमची शाळा आहे. बरीच घरं मासेमारीवर जगतात. प्राचीचं घरही त्यातलंच.

गेल्या महिन्यात इंग्रजीच्या तासाला पुढच्या बेतांबद्दल प्रश्न कसे विचारायचे, ते शिकवत होतो. उद्या काय करणार आहेस, कुठे जाणार आहेस, कोणाबरोबर... मुलांना मजा येत होती. एकाने रविवारी दिवसभर झोपणार असं इंग्रजीत सांगितलं, तर मागून आवाज आला, "मंग आता काय करून राहिला बे?" सगळा वर्ग हसला. प्राचीही हसली.

घरचा अभ्यास म्हणून सांगितलं, घरातल्या एका माणसाला असा एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर वर्गात इंग्रजीत सांगा.

प्राचीने आपल्या बापाला निवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांद्यावर जाळं घेऊन निघाला आणि तिने दारातच त्याला इंग्रजीत विचारलं. त्याला कळलं नाही, म्हणून मराठीत विचारलं... बाबा, आज कुठी चालले? तो हसला म्हणे. मोठी मॅडम झाली माही पोरगी, म्हणाला. आणि सांगितलं, जुन्या गावावर, देवळाच्या अंगानं.

आमच्याकडे निघत्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारत नाहीत. त्याला टोकणं म्हणतात. पाण्यावर जाणाऱ्याला तर कोणी चुकूनही टोकत नाही. 'लवकर येजो', एवढंच म्हणायचं. माझी आई हेच पाळायची, आणि मीही अजून मारुतीच्या पायरीला हात लावल्याशिवाय गाव सोडत नाही. तरी अभ्यास देताना यातलं काहीच मनात आलं नाही.

प्राचीचा बाप परत आला नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावातली वाळलेली झाडं पाण्याच्या वीतभर खाली येतात. दिसत नाहीत, पण असतात. डोंगा अशाच एखाद्या खोडाला लागून उलटला असावा. संध्याकाळी गावातली माणसं त्याला घेऊन आली.

त्या रात्री भरल्या अंगणात प्राचीची आजी बोलून गेली... जात्या मानसाले टोकलं पोरीनं. वीस माणसांनी ते ऐकलं. प्राचीनेही ऐकलं.

तेरवी झाल्यावर ती शाळेत आली. लिहायची, सांगितलं ते करायची. पण प्रश्न म्हणून विचारेना. पाणी प्यायला जाऊ का, हेही नाही. इंग्रजीच्या तासाला तिच्यावर पाळी आली की मी दुसऱ्याला उभं करायचो. तिच्या घरी जायचंही टाळत होतो... काय तोंडाने जाणार? परवा तिच्या कपाळाला हात लावला, आणि मग टाळता आलं नाही.

आई मजुरीला गेली होती. अंगणात आजी जाळं सांधत बसली होती. मुलाचंच जाळं. तिने प्राचीला बाजेवर निजवलं, ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवली.

मी खाली बसलो. म्हणालो, आजी, प्रश्न मी शिकवला होता. बोल लावायचा तर मला लावा, तिला नको. ही अंधश्रद्धा आहे वगैरे सांगायचं मनात होतं, पण पायरीला हात लावून निघणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघेना.

आजीने जाळ्याची आणखी एक गाठ मारली. मग जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाली, "गुरुजी, हिच्या आजोबाले कोनं टोकलं होतं?"

उत्तर तिनेच दिलं.

"कोनीच नाही. मी दारात उभी होती, तोंड बंद ठेवलं. तो कोनत्या अंगानं गेला, गावाले मालूमच नाही पडलं. अजून नाही सापडला. कुंकू कवा पुसावं, तेबी कोनी सांगे ना मले."

प्राची डोळे उघडून ऐकत होती. आजी उठली, बाजेवर तिच्या पायाशी जाऊन बसली.

"तुनं इचारलं म्हनून मानसं सीधी देवळाकडे गेली. तुह्या बापाले माती भेटली, माय. त्या दिवशी मी बोलली... माहं पोरगं गेलं होतं."

प्राचीने भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती. आजी तिच्या पायावरून हात फिरवत राहिली. मी तिथून उठलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मोटारसायकल सुरू केली, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. बसलेला, घोगरा.

"सर, व्हेअर आर यू गोइंग?"

टोकलं, हेच आधी मनात आलं. खोटं कशाला बोलू... इतक्या वर्षांची सवय आहे. आजीला शब्द कळले नसतील, पण काय विचारलं ते कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. नातीला गप्प केलं नाही.

मी गाडी बंद केली. घरी चाललोय, कालव्याच्या रस्त्याने, असं आधी इंग्रजीत आणि मग आजीसाठी मराठीत सांगितलं.

"सांभाळून जाजा," आजी म्हणाली.

त्या पोरीचा बाप काही परत येणार नाही, आणि तिच्या मनातलं सगळं एका दिवसात निघेल असंही मला वाटत नाही. पण तिने विचारलं... देवा, तुझे उपकार.

वाटेत मारुतीच्या पायरीला हात लावला. आणि त्यालाही सांगितलं, कोणत्या रस्त्याने चाललोय ते.