कलम सातच्या बाई

विद्यार्थी कार्यालयातल्या त्या बाईंना सगळं कॉलेज 'कलम सात' म्हणायचं. तोंडावर मॅडम, पाठ वळली की कलम सात. बाईंनाही ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. वीस वर्षं एकाच टेबलावर बसून मुलांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाला याहून गोड नाव कोण ठेवणार?

टेबल होतं चित्रपटांच्या परवानग्यांचं. कुठल्याही मंडळाला सभागृहात चित्रपट लावायचा असला, की अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा, मालकाचं पत्र जोडायचं, बाहेरचे लोक येणार असतील तर तसं स्पष्ट लिहायचं. मुलं हमखास वाद घालायची. चित्रपट विकत घेतलाय की आम्ही, तिकीट थोडंच लावतोय, सगळे आमचेच मित्र येणार आहेत. बाई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या आणि बघत राहायच्या. शेवटी मूलच कंटाळून विचारायचं, बरं, पत्र कुणाच्या नावाने हवंय?

यातून जे सुटायचे ते सातव्या कलमात अडकायचे. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या चित्रपटात जो कोणी दिसतो त्याची लेखी संमती हवी, आणि तो हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची. कुणी मैत्रिणीची सही आणायला विसरायचं, कुणी मागे झाडू मारताना दिसणाऱ्या सफाईवाल्या मावशींची. एकाने तर स्वतःच्या आजोबांना चित्रपटात घेतलं होतं आणि सहीचं नाव नाही. बाईंनी अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी आजोबा काठी टेकत स्वतः आले, सही केली आणि जाताना म्हणाले, याला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही, तुम्ही म्हणालात, फार बरं वाटलं.

हे कलम नियमावलीत आलं कसं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. जुने साहेब निवृत्त झाले, त्यांच्या आधीचे देवाघरी गेले. माहीत होतं फक्त बाईंना. ते त्यांच्याच घरामुळे आलं होतं.

बाईंचे वडील याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकर. आवाराच्या मागे कर्मचाऱ्यांच्या दोन दोन खोल्या होत्या, त्यातल्या एका बिऱ्हाडात आई-वडील, ताई आणि ही धाकटी. ताई एकोणीस वर्षांची. फाटकासमोरच्या शिंप्याकडे काजं-बटणं करायची. शिकायचं तिच्या मनात फार होतं, पण ते मनातच राहिलं. दुकानात कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या एका चष्मेवाल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमासाठी छोटा चित्रपट करायचा होता. त्याला हवी होती बसथांब्यावर उभी राहणारी मुलगी. त्याने विचारलं आणि ताई हो म्हणाली. तीन रविवार ती घरी 'दुकानात जादा काम आहे' असं सांगून गेली.

धाकटीपासून काय लपणार? ती होती अकरा वर्षांची, शेपटासारखी ताईच्या मागे असायची. तिने हट्ट धरला, मलाही ने. ताई म्हणाली, नको, तुझं तोंड बंद राहत नाही. हा अपमान धाकटीच्या जिव्हारी लागला. चित्रपट सभागृहात दाखवणार त्याच्या आदल्या दिवशी, जेवताना, वडिलांच्या ताटासमोर बसून तिने सगळं सांगून टाकलं. 'तुझं तोंड बंद राहत नाही' हे ताईचं म्हणणं तिने असं खरं करून दाखवलं.

वडील ओरडले नाहीत. सकाळी कामावरचा खाकी शर्ट घालून ते सरळ प्राचार्यांकडे गेले. माझ्या मुलीचा चेहरा मला न विचारता चार लोकांत दाखवायचा हा कुठला न्याय, एवढंच म्हणाले. तसं त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. पण दुपारपर्यंत भिंतीवरचे कागद निघाले, खेळ रद्द झाला, आणि महिन्याभरात नियमावलीत सातवं कलम आलं.

ताई धाकटीला एका शब्दाने बोलली नाही. फक्त रोज सकाळी ती धाकटीची वेणी घालायची, ते तिने बंद केलं. आई घालू लागली. आईचा हात जड होता आणि पेड सैल पडायचे. अबोला तसा आठवड्याभरात संपला, पण वेणी काही परत ताईच्या हातात गेली नाही. दीड वर्षाने ताईला कावीळ झाली. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. स्वतःला पडद्यावर तिने कधीच बघितलं नाही.

घरात तिचा एकच फोटो राहिला, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. त्यात ती ताईसारखी दिसतच नाही. पुढे बाई मोठ्या झाल्या, याच कॉलेजात नोकरीला लागल्या, लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं. या सगळ्यात ताईचा आवाज केव्हा विसरला ते त्यांना कळलंच नाही. मोठा, भरदार होता, एवढंच आठवायचं. कधी दुपारी काम नसलं की त्या डोळे मिटून प्रयत्न करायच्या. शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही. ग्रंथालयाच्या कपाटात ते रीळ आहे हे त्यांना माहीत होतं. एकदा धीर करून विचारलंही होतं, तर ग्रंथपाल म्हणाले, हे चालवायचं यंत्रच आता कुठे नाही. बाई बरं म्हणून परत आल्या आणि त्या दिवशी त्यांनी तीन अर्ज परत पाठवले.

त्यांच्या कडकपणाचं गुपित हेच होतं. ते कलम यायला ताईची एक संध्याकाळ गेली होती. ते कलम सैल सोडलं तर ती संध्याकाळ उगाचच गेली असं झालं असतं.

मग या वर्षी चित्रपट मंडळाची सचिव अर्ज घेऊन आली. बारीकशी, धांदरट मुलगी, पण कागदपत्रं चोख. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले जुने सात चित्रपट मंडळाने साफसूफ करून संगणकावर उतरवून घेतले होते आणि गावातल्या लोकांनाही बोलावून दाखवायचे ठरवले होते. सहांचे कागद पूर्ण होते. सातव्याला फक्त दिग्दर्शकाचं पत्र होतं. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं, थरथरतं. त्यात लिहिलं होतं, माझी ना नाही, पण यातल्या मुलीच्या घरच्यांना मी तेव्हा विचारलं नव्हतं आणि ती आता नाही असं ऐकलंय. घरच्यांची परवानगी मिळाल्याशिवाय कृपा करून दाखवू नका, ती चूक मला दुसऱ्यांदा करायची नाही.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मुलगी सांगत होती की तिने खूप शोधलं. शिंप्याचं दुकान केव्हाच गेलं होतं, मागच्या खोल्या पाडून तिथे वाहनतळ झाला होता, त्या घरातलं कुणी आता सापडत नव्हतं. मग ती म्हणाली, जाऊ दे मॅडम, मी हा सातवा काढून टाकते, बाकीचे सहा तरी होऊ द्या.

मुदतीचा आणखी एकच दिवस उरला होता. बाई म्हणाल्या, अर्ज असू दे, उद्या ये.

मुलगी गेल्यावर त्यांनी संमतीचा कोरा कागद काढला. 'नाते' असा रकाना होता. तिथे एक शब्द लिहायचा, खाली सही ठोकायची, की शेहेचाळीस वर्षांनी ताई डोळ्यांसमोर उभी राहणार होती. पण हात पुढे होईना. जिने खेळ बंद पाडला तिनेच आता परवानगी द्यायची, हे कुठल्या तोंडाने? आणि न द्यावी, तर रीळ पुन्हा कपाटात आणि बाई वर्षभरात निवृत्त. मग कोण कुणाला विचारणार होतं? संध्याकाळी त्या कागद पर्समध्ये घालून घरी गेल्या आणि सकाळी तसाच कोरा परत घेऊन आल्या.

मुलगी वेळेवर आली. बाईंनी तिला बसायला सांगितलं. त्या टेबलासमोर विद्यार्थ्याला बसायला सांगितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती बिचारी कडेला टेकली.

"ती माझी ताई," बाई म्हणाल्या. "तेव्हा घरी मीच सांगितलं होतं. म्हणून तेव्हाचा खेळ बंद पडला."

मुलीने विचारलं, "किती वर्षांच्या होता तुम्ही?"

"अकरा."

मुलीने समजूत घातली नाही, की कशाला मनाला लावून घेता असंही म्हटलं नाही. टेबलावरचं पेन उचलून तिने टोपण काढलं आणि बाईंच्या हाताशी ठेवलं. बाईंनी सही केली. मग सवयीने शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोच फाडून मुलीच्या हातात दिली.

पंधरा दिवस बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शनिवारी दुपारी चारला सभागृह भरलं. बाई शेवटच्या रांगेत, दारापाशी बसल्या, उठून जावंसं वाटलं तर बरं म्हणून. सहा चित्रपट त्यांनी बघितले, पण त्यात काय होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही. सातवा सुरू झाला. रिकामा रस्ता, बसथांबा, आणि डावीकडून ताई चालत आली.

तिने मनगटाने नाक खाजवलं. ही तिची सवय बाई साफ विसरल्या होत्या. मग ती थांब्यावरच्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "बस गेली का हो? का मीच लवकर आले?" सभागृहात हलका हशा पिकला.

आवाज मोठा नव्हता. भरदार तर मुळीच नव्हता. बारीक, जरासा चिरका, वाक्याच्या शेवटी दम कमी पडणारा. बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या जिला भीत होत्या, मनातल्या मनात जिची माफी मागत होत्या, ती मोठी ताई कुठेच नव्हती. पडद्यावर एक पोरगी होती. बाईंच्या स्वतःच्या लेकीपेक्षा लहान, कोपरं टोकदार, कॅमेऱ्यात बघायचं नाही असं बजावलेलं असूनही दोनदा चोरून बघणारी. बाईंना वाटलं, आत्ता उठावं, पुढे जावं आणि हिला जवळ घ्यावं. हिचं कुणी काही ऐकायलाच नको होतं का, असं कुणालातरी विचारावं. बावीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. दिवे लागले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

हळूहळू सभागृह रिकामं झालं. सचिव मुलगी तारा गुंडाळत मागे आली, तर बाई तिथेच. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा लावू का, मॅडम?" आणि लगेच जीभ चावली, कारण परवानगी एकाच खेळाची होती आणि त्याखाली सही याच बाईंची होती.

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि उठून दार लावून घेतलं. मग पुढच्या रांगेत, अगदी मधोमध जाऊन बसल्या.

"घरच्या माणसाला घरच्यांनी बघितलं तर त्याला परवानगी लागत नाही," त्या म्हणाल्या. "लाव."